ज्वालामुखी ‘ऐकतात’ म्हणजे नक्की कशाने? एका साउंडवाल्याचा प्रश्न

साउंडवाला, दांडिया बाजार

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात साउंडचं काम करतो. नवरात्रात गरब्याची मैदानं, एरवी लग्नं, गणपतीत आपल्या मराठी मंडळांचे कार्यक्रम. भूगर्भशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच सुटला, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

परवा बहिणीकडची मंडळी आली होती, त्यांना पावागडला घेऊन गेलो. रोपवेच्या रांगेत भाची म्हणाली, “मामा, हा अख्खा डोंगर लाव्ह्याचा आहे, आमच्या पुस्तकात दिलंय.” मी म्हटलं असेल बाई. तर लगेच पुढचा प्रश्न: “मग आत्ता आत काही चालू नाहीये हे कसं कळतं?” मी विषय शेव-उसळीवर नेला आणि सुटलो.

रात्री यूट्यूबवर एटनावरचा एक माहितीपट बघितला. इटलीतले शास्त्रज्ञ या ज्वालामुखीवर जमिनीचे हादरे टिपणारे सिस्मोमीटर पुरतात आणि वर हवेसाठी वेगळे माइक लावतात. निवेदक सांगतो की हा आवाज माणसाला ऐकूच येत नाही, २० हर्ट्झच्या खालचा असतो. इथे माझं डोकं अडकलं. आमच्या धंद्यात २० च्या खालचं म्हणजे निव्वळ कचरा. सबवूफर ३५-४० पर्यंत धड वाजतात, त्याखालचं मी हाय-पास लावून कापतो, नाहीतर अँप उगाच तापतो आणि कोन उडतो. माझा मेजरमेंट माइकसुद्धा २० पाशी येऊन हात टेकतो.

मग हे लोक कुठला माइक वापरतात? स्फोट एकच, तर जमिनीत वेगळं आणि हवेत वेगळं कशाला ऐकायचं? आणि खरं सांगा, आधी काही कळतं का, की सगळं होऊन गेल्यावर ग्राफ दाखवून “बघा, इथे दिसत होतं” म्हणतात?

विकिपीडियाची लिंक नको, वाचून झालंय.

भूगोलच्या बाई

पावागडापुरतं मी सांगते, लाटांचं कुणी जाणकार सांगेल.

भाची हुशार आहे. पण “पावागड हा ज्वालामुखी होता” असं जे गाइडलोक सांगतात, त्यावरून डोळ्यांसमोर जपानच्या फुजीसारखा शंकू आणू नकोस. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याचे पूर एकावर एक पसरत गेले, त्यांचे थर पावागडात रचलेले दिसतात. माचीवरून वर नजर टाकलीस तर कड्यांच्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. खालचे थर सह्याद्रीसारखे काळ्या बेसाल्टचे आहेत. माथ्याकडे मात्र रायोलाइट लागतो. तो फिकट रंगाचा, जास्त सिलिका असलेल्या घट्ट लाव्ह्याचा दगड. दख्खनच्या पठारावर तो असा सगळीकडे मिळत नाही, म्हणून भूशास्त्राची मुलं सहली काढून पावागडला येतात.

आता आत काही आहे का? नाही. ज्या तप्त जागेवरून हा लाव्हा आला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, ती जागा होती तिथेच राहिली आणि भारत उत्तरेला सरकत आला. आज तिच्या डोक्यावर हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. भाचीला म्हणावं, पावागडाला कान लावून काही उपयोग नाही, रियुनियनचं तिकीट काढ.

जुना जिओफोन

मी नोकरीभर तेल शोधणाऱ्या सिस्मिक पार्टीत होतो, मुक्काम पोस्ट खंभातचं खोरं. ज्वालामुखीवर काम केलेलं नाही. पण यंत्रं तीच, लाटा त्याच, आणि निवृत्तीनंतर वाचायला वेळच वेळ. बाईंनी ज्या काळ्या बेसाल्टबद्दल लिहिलं त्याच्याशी, आमच्या भाषेत ट्रॅपशी, तर जन्माचं वैर. पावागडावर तो आकाशात उभा आहे, अंकलेश्वरकडे तोच गाळाच्या जाड थरांखाली गाडलेला आहे. आमच्या सेक्शनवर, म्हणजे जमिनीखालच्या थरांच्या आलेखावर, ट्रॅप आला की एक ठळक पट्टा उमटायचा आणि त्याखाली काही म्हणजे काही दिसायचं नाही. साहेब म्हणायचे, “ट्रॅप लागला, चला जेवायला.”

तर आधी यंत्र. तुझ्या स्पीकरमध्ये करंट दिला की कॉइल हलते. जिओफोन म्हणजे उलटा चालवलेला स्पीकर. मुठीत मावणारी डबी, खाली बोटभर खिळा, तो टाच देऊन मातीत खोचायचा. जमीन हलली की डबी आणि तिच्यातलं मॅग्नेट हलतं, स्प्रिंगवर टांगलेली कॉइल मात्र मागे रेंगाळते, आणि वायरीतून व्होल्टेज निघतं. खिळा सैल बसला तर सगळं वाया, म्हणून काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडल्या की आमची पोरं आधी पाणी ओतून मग खोचायची. आमचे जिओफोन १० हर्ट्झचे, त्याखाली ते बहिरे होत जातात. तेलाला तेवढं चालतं. ज्वालामुखीचं बरंचसं बोलणं त्याखालीच असतं, म्हणून तिथे ब्रॉडबँड सिस्मोमीटर बसवतात. दोन-दोन मिनिटांनी एक हेलकावा देणाऱ्या लाटेपासून ५० हर्ट्झपर्यंत सगळं तो पकडतो. खड्डा खणून, पक्का ओटा करून, ऊन-वारा लागू नये असा झाकून ठेवावा लागतो.

आता तुझा माइक २० लाच का थांबतो ते बघ. कॅप्सूलच्या मागच्या पोकळीला बारीक भोक असतं, हवामानाचा दाब बदलला तर पडदा ताणून बसू नये म्हणून. दाब सावकाश बदलला की हवा त्या भोकातून आत शिरते, दोन्ही बाजू सारख्या होतात आणि पडदा ढिम्म. इन्फ्रासाउंडच्या, म्हणजे २० हर्ट्झखालच्या आवाजाच्या, सेन्सरमध्ये मागची पोकळी मोठी ठेवतात आणि भोकाच्या जागी केसासारखी बारीक नळी, म्हणजे गळती इतकी मंद की दहा-वीस सेकंदांची लाटसुद्धा गळून जायच्या आत मोजली जाते. यात जादू काही नाही.

जमिनीत आणि हवेत दोन्हीकडे का, हा तुझा प्रश्न खरा मोलाचा आहे. जमिनीत काय ऐकू येतं ते आधी सांगतो. मॅग्मा वर चढताना दगड फोडतो. तो दगड तुटल्याचा भूकंप नेहमीच्या भूकंपासारखाच असतो: आधी वेगवान पी लाट टोकदार येते, मग तिच्याहून सावकाश चालणारी एस. दोघींमध्ये एका सेकंदाचं अंतर असेल तर तुटलेली जागा साधारण आठ किलोमीटरवर. चार-पाच ठाण्यांवरून हे अंतर काढलं की जागा सापडते, आणि त्या जागा दिवसागणिक कुठे सरकतात ते नकाशावर मांडलं की मॅग्माची वाट दिसते. आइसलंडमध्ये २०१४ साली बारदारबुंगाच्या खालून मॅग्माची भिंत आडवी ४० किलोमीटरच्या वर सरकत गेली आणि होलुह्राउनला बाहेर पडली. दोन आठवडे लोक भूकंपांच्या ठिपक्यांवरून तिचा प्रवास बघत होते.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. यात दगड तुटत नाही. भेगेत किंवा नळीत अडकलेला वायू, पाणी, मॅग्मा यांना धक्का बसतो आणि ती भेगच घुमायला लागते. कंप्रता साधारण अर्धा ते पाच हर्ट्झ. सुरुवात पुसट, एस लाट जवळपास नाही, आणि शेपूट लांबलचक. यांना लाँग पीरियड म्हणतात. बर्नार्ड शुए नावाच्या शास्त्रज्ञाने ही भेगांची घुमण्याची गणितं मांडली. द्रवात वायूचे बुडबुडे असले की त्यातून आवाजाचा वेग एकदम पडतो, त्यामुळे छोटी भेगही खूप खालच्या सुरात घुमते. म्हणजे सुरावरून भेगेच्या लांबीबद्दल आणि आत काय भरलंय त्याबद्दल, दोन्हीबद्दल अंदाज. आणि हे घुमणं थांबतच नाही, तासन्‌तास चालू राहतं, तेव्हा त्याला ट्रेमर म्हणतात.

१४ डिसेंबर १९८९ ला अलास्कातला रिडाउट फुटला, त्याआधी सुमारे २३ तास या लाँग पीरियड धक्क्यांची रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी केएलएमचं जंबो जेट त्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. हजारो फूट खाली येईपर्यंत ती चालू झाली नाहीत. सगळे वाचले, पण विमानवाले तेव्हापासून ज्वालामुखी ऐकणाऱ्यांचा फोन पहिल्या घंटीला उचलतात.

हवेचं वेगळं आहे. वायू तोंडातून बाहेर पडून हवेला ढकलतो तेव्हाच हवेतला सेन्सर काही सांगतो. जमीन हलली आणि हवा गप्प, तर भानगड अजून आत आहे. दोन्ही बोलले, तर झाकण उडालं. त्यात एक बारकावा आहे. दगडातून लाट सेकंदाला काही किलोमीटर जाते, हवेतून ३४० मीटर. ठाणं तोंडापासून दोन किलोमीटरवर असेल तर हवेतला आवाज सहा सेकंदांनी येणार हे नक्की. तो जास्त उशिरा आला, तर स्फोट नळीत खोलवर झाला आणि वायूला वर यायला वेळ लागला. इटलीतला स्ट्रॉम्बोली दर दहा-वीस मिनिटांनी एक स्फोट करतो, त्यामुळे तिथे असं मोजायला भरपूर माल मिळतो.

शिवाय ढग आणि अंधार हवेतल्या लाटेला आडवे येत नाहीत. अलास्कातलं बोगोस्लोफ बेट २०१६-१७ मध्ये ७० हून जास्त वेळा फुटलं. बेटावर एकही यंत्र नव्हतं. शेजारच्या बेटांवरची सिस्मोमीटर, इन्फ्रासाउंड सेन्सर, विजांची नोंद आणि उपग्रह यांच्यावर सगळं चाललं. त्याच बेटाच्या राखेतल्या विजांचा गडगडाट २०१७ च्या मार्चमध्ये माइकमध्ये वेगळा ओळखता आला. ज्वालामुखीच्या मेघगर्जनेची ती पहिली नोंद.

आणि बाईंच्या रियुनियनबद्दल. आमच्या पार्टीत स्फोट करायचा, लाट खाली पाठवायची, परत आलेली टिपायची. बाकी जे काही यायचं, ट्रॅक्टर, रेल्वे, वारा, समुद्राच्या लाटांनी होणारी कायमची कुजबुज, तो सगळा नॉइज, फिल्टरने मारायचा. पितोंवर लोकांनी नेमकी ती कुजबुजच घेतली. दोन ठाण्यांवरची कुजबुज एकमेकींशी जुळवून पाहिली की एका ठाण्यावरून दुसऱ्यापर्यंत लाट किती वेगाने जाते ते निघतं, स्फोट न करता, रोजच्या रोज. मॅग्मा फुगला की वरच्या दगडातल्या बारीक भेगा उघडतात आणि वेग घटतो. घट टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी, पण उद्रेकाच्या कितीतरी दिवस आधीपासून ती दिसते. २००८ मध्ये हे छापून आलं तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्या तंबूत कुणाला पटेना. मला अजून वाटतं की या सगळ्या विषयात याहून देखणं काम झालेलं नाही.

साउंडवाला, दांडिया बाजार

काका, दंडवत. स्पीकरवालं वाचून मी खरंच एक जुना वूफर माइक इनपुटला जोडून टेबलावर थापट्या मारून बघितल्या. लेव्हल येते!

एक शंका. ज्वालामुखीचं तोंड म्हणजे वर पसरत गेलेली नळी, आमच्या भाषेत हॉर्न. मग लाव्हा वरखाली झाला तर त्याचा सूर बदलायला हवा ना? आणि माझा शेवटचा प्रश्न राहिलाच, आधी कळतं का?

जुना जिओफोन

शाब्बास. हॉर्नचं अगदी असंच. चिलीमध्ये व्हिलारिका म्हणून ज्वालामुखी आहे, त्याच्या तोंडात लाव्ह्याचं तळं असतं. ३ मार्च २०१५ च्या पहाटे त्याने मोठं कारंजं उडवलं. आधीच्या काही दिवसांत तळं वर चढत गेलं, नळी आखूड होत गेली, आणि एका हर्ट्झखालच्या त्या घुमण्याचा सूर चढत गेला. शिवाय घुमणंही लवकर विरायला लागलं, कारण लाव्हा पसरट भागापर्यंत आला होता. तुमच्या हॉर्नचा गळा कापून नुसता वाडगा ठेवला तर जे होईल ते. पण तुझा टोमणा इथे लागू पडतो: हे सगळं नंतर रेकॉर्डिंग काढून बघितलं तेव्हा कळलं.

उलटी गोष्ट इक्वाडोरच्या कोटोपाक्सीची. २०१५ च्या उद्रेकानंतर त्याच्या तोंडाचा तळ खाली गेला, खोल विहीर झाली, आणि २०१६ मध्ये ती घुमायला लागली. पाच सेकंदांना एक हेलकावा, म्हणजे ०.२ हर्ट्झ, आणि एकदा घुमली की दीड मिनिटापर्यंत विरत राहायची. एवढा सबवूफर तुझ्या टेम्पोत बसणार नाही.

आधी कळतं का? एटनावर कळतं, आणि तेही चालू कामात. फ्लॉरेन्स विद्यापीठाच्या लोकांनी तिथे इन्फ्रासाउंडचे सेन्सर समूहाने लावलेत. तू मैदानात डिले टॉवरचे मिलिसेकंद मोजतोस, तसं सेन्सर-सेन्सरमधल्या उशिरावरून आवाज कुठल्या तोंडातून आला ते निघतं. मोठं कारंजं उडायच्या आधी तिथे बुडबुडे फुटण्याचे छोटे स्फोट वाढत जातात. ते ठरलेल्या पातळीवर गेले की माणसाची वाट न बघता यंत्रच इशारा पाठवतं, साधारण तासभर आधी. त्यांनी आठेक वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा ५९ उद्रेकांपैकी ५७ बरोबर पकडलेले निघाले.

नागरवाडा

हे सगळं छान आहे, पण मग जपानात ती गिर्यारोहक माणसं का मेली? जपानपेक्षा जास्त यंत्रं कुणाकडे आहेत? मला तर हे ज्योतिषासारखंच वाटतं. लागलं तर भाकीत, नाही लागलं तर ‘निसर्ग अनाकलनीय’.

जुना जिओफोन

ओंताके म्हणताय. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, दुपारी बाराच्या जरा आधी, पानगळीचे रंग बघायला माथ्यावर गर्दी. ६३ जण मेले किंवा बेपत्ता झाले. इशाऱ्याची पातळी सगळ्यांत खालची, १. ट्रेमर सुरू झाला तो उद्रेकाच्या ११ मिनिटं आधी. ११ मिनिटांत माथ्यावरचा माणूस कुठे जाणार?

पण ओंताकेला मॅग्मा वर आलाच नव्हता. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली आणि झाकण उडालं. मॅग्माला किलोमीटर-किलोमीटर दगड फोडत यावं लागतं, त्याचा गाजावाजा दिवसेंदिवस आधी होतो. वाफेला तसं काही करावं लागत नाही. न्यूझीलंडच्या व्हाइट आयलंडवर डिसेंबर २०१९ मध्ये २२ माणसं गेली, तिथेही वाफच.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट कोलंबियातल्या गॅलेरासची आहे. १४ जानेवारी १९९३. ज्वालामुखीवरच्याच परिषदेला आलेले शास्त्रज्ञ तोंडात उतरले होते. डोंगर वरवर शांत होता. पण सिस्मोग्रामवर आधीपासून स्क्रूसारखे, जाड डोक्याचे आणि निमुळत्या शेपटीचे लाँग पीरियड उमटत होते, मोजकेच. तो फुटला, सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक गेले. त्या स्क्रूंचा अर्थ बंद झाकणाखाली वाढणारा दाब असाच लावायचा, हे सगळ्यांना पटलं ते त्यानंतर.

ज्योतिषाशी तुलना मला मान्य नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो कित्येक शतकं झोपून उठला. एप्रिलमध्ये वाफा निघाल्या, लगेच सिस्मोमीटर लावले, भूकंप कुठून कुठे सरकतात ते बघत जूनमध्ये हजारो माणसं हलवली, आणि १५ जूनला शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. ज्योतिषी यंत्र लावून बसत नाही आणि चुकलेल्या पत्रिकाही छापत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. बातम्यांत धुराचे ड्रोनवाले व्हिडिओ दिवसभर फिरतात, आणि कुठल्याशा गरीब देशात डोंगरावरच्या सिस्मोमीटरची बॅटरी बदलायला पैसे नसतात. कॅमेरा एक कमी घ्या आणि तीन सिस्मोमीटर चालू ठेवा, मग भाकीताच्या गप्पा मारा.

भूगोलच्या बाई

आपल्या देशातलं एक राहिलं म्हणून लिहिते. भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी अंदमानातला बॅरन आयलंड, पोर्ट ब्लेअरपासून साधारण १४० किलोमीटर. दीडशे वर्षांहून जास्त गप्प राहून १९९१ मध्ये जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून चालूच आहे. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक जहाजातून जवळ काम करत असताना त्याने राख उडवली. बेटावर वस्ती नाही, म्हणून आपल्याला कुणाला त्याची धास्ती नाही.

हवामानखुळा, गोत्री

उशिरा आलो, पण माझ्याकडे पुरावा आहे! बडोद्यात बसून ज्वालामुखी ‘ऐकता’ येतो.

१५ जानेवारी २०२२, वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. टोंगाजवळचा हुंगा टोंगा समुद्रात फुटला तेव्हा आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजले होते आणि अख्खं बडोदं गच्चीवर होतं. राख ५७ किलोमीटर उंच गेली, दहा हजार किलोमीटरवरच्या अलास्कात लोकांना कानांनी आवाज आला. आपण त्याहून लांब, साधारण १३,००० किलोमीटर. दाबाची ती लाट जमिनीला चिकटून सेकंदाला ३१५ मीटरच्या आसपास वेगाने निघाली, म्हणजे इथे पोहोचायला साडेअकरा तास, रात्री नऊ-सव्वानऊ.

माझ्या गच्चीवर छोटं हवामान केंद्र आहे. दाबाचा आलेख रोज सकाळ-रात्री दहाच्या सुमारास चढतो, तो गोलसर, भरतीसारखा. त्या रात्री त्याच्या अंगावर नवाच्या पुढे एक टोकदार दात आहे, एका हेक्टोपास्कलच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास, वर आणि लगेच खाली. लोक पतंगाच्या दोरीला कंदील बांधून तुक्कल सोडत होते, कुणाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास आणखी एक, बारीक. ती पृथ्वीला उलट्या बाजूने फिरून आलेली लाट, २७,००० किलोमीटरचा वळसा घेऊन. वेळ बरोबर जुळते, हिशेब करून बघा.

अणुचाचण्या पकडायला जे जागतिक जाळं उभारलंय, त्यातल्या तेव्हा चालू असलेल्या सगळ्या ५३ इन्फ्रासाउंड ठाण्यांवर टोंगा उमटला. ते जाळं अणुचाचणीबंदीच्या करारातलं, भारताने त्या करारावर सही केलेली नाही, म्हणून त्यातलं एकही ठाणं आपल्याकडे नाही. तेव्हा गच्चीवरच्या खुळ्यांनीच काय ते करायचं.

साउंडवाला, दांडिया बाजार

आता राहवत नाही. काका, असा सेन्सर घरी बनवता येईल का? सोल्डरिंग येतं, रेकॉर्डर आहे, भाची दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे.

जुना जिओफोन

येईल. जमिनीसाठी रास्पबेरी शेक नावाची तयार डबी मिळते. आत ४.५ हर्ट्झचा जिओफोन, इलेक्ट्रॉनिक्सने तो बराच खालपर्यंत ताणलेला. स्वस्त नाही, पण जगभरातल्या हौशी लोकांच्या असल्या डब्यांचे आलेख इंटरनेटवर फुकट बघता येतात. भाचीला आधी तेच दाखव. मोठा भूकंप जगात कुठेही होऊ दे, वीसेक मिनिटांत सगळ्या डब्यांवर पोहोचतो.

हवेसाठी घरगुती जुगाड: दोन तोंडांचा, अगदी कमी दाबाचा डिफरन्शियल सेन्सर घे. एक तोंड बाहेर उघडं. दुसरं तोंड थर्मासमध्ये, बुचातून हवाबंद, आणि त्याच बुचातून एक सलाइनची सुई किंवा तसलीच बारीक नळी बाहेर काढलेली. थर्मास अशासाठी की ऊन-सावलीने आतली हवा फुगली-आकसली तर तीच लाट म्हणून दिसेल. सुई जितकी बारीक आणि थर्मास जितका मोठा, तितकं खालचं ऐकू येईल.

वारा हा खरा शत्रू. तुम्ही फोमची टोपी घालता, ती इथे निरुपयोगी. बागेची झिरपणारी रबरी नळी, ठिबकवाली, दहा-पंधरा मीटर जमिनीवर पसरून तिचं टोक सेन्सरला जोड. वाऱ्याचे भोवरे जागोजागी वेगळे असतात, ते नळीत एकमेकांना खातात, आणि लांबून आलेली लाट सगळ्या नळीवर एकदम पडते म्हणून टिकते. जागा नसेल तर घरातच ठेव, या लाटा खिडक्या-फटींतून आरामात आत येतात. मात्र दार कुणी जोरात लावलं की प्रत्येक वेळी उद्रेक दिसेल. जिना, लिफ्ट, वरून जाणारं हेलिकॉप्टर, पावसाळ्यात ढगांचा गडगडाट, हे सगळं उमटेल, ते भाचीकडून वहीत लिहून घे. कुठला आकार कशाचा हे ओळखता आल्याशिवाय ज्वालामुखी आला तरी ओळखू येणार नाही.

आणि रेकॉर्डर ऑडिओवाला वापरू नकोस, त्याच्या इनपुटलाच कपॅसिटर असतो, तो खालचं सगळं अडवतो. साधा डेटा लॉगर लाव. ४८ किलोहर्ट्झ लागत नाहीत, सेकंदाला १०० नमुने पुष्कळ झाले. घड्याळ जीपीएसवरून घे, म्हणजे गोत्रीच्या त्या खुळ्याचा आलेख आणि तुझा आलेख शेजारी ठेवता येतील.

हवामानखुळा, गोत्री

मी तयार आहे. दांडिया बाजार ते गोत्री सरळ रेषेत थोडेच किलोमीटर, पण लाट कुठल्या दिशेने आली याचा थोडा अंदाज दोन जागांवरूनही येईल. तिसरा कुणी मकरपुऱ्याकडचा असेल तर हात वर करा.

नागरवाडा

मकरपुऱ्याला माझं वर्कशॉप आहे. लेथ चालू असते सहापर्यंत, रात्री चालेल का?

जुना जिओफोन

चालेल. रात्रीच वारा पडलेला असतो.